सहा दिवसांचे नाना

आमच्या घरी आलेल्या माणसाला ‘तुम्ही कोण?’ असं कधी कुणी विचारलं नाही. वडिलांचं गाव सायखेड्याजवळचं, आणि त्या गावातल्या जाधवांपैकी नाशिकला कंपनीत पक्क्या नोकरीवर लागलेले ते पहिलेच. त्यामुळे कोर्टाची तारीख असो, सरकारी दवाखाना असो, रामकुंडावरचा दहावा असो की मुलीसाठी बघायचं स्थळ असो, मंडळी सातपूरला आमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन थडकायची. दार वाजलं की आई आधी पदर सावरायची, मग कडी काढायची, आणि समोर टोपी दिसली की ‘या, बसा’ म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करायची. सासरच्या थोरल्या माणसाला नाव विचारायचं म्हणजे तुम्हाला ओळखलं नाही असं तोंडावर सांगायचं, आणि असा अपमान गावात पुढची दहा वर्षं चघळला जातो हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून सगळ्याच थोरल्या पुरुषांना ती सरसकट मामंजी म्हणायची. कधीकधी पाहुणा जेवून, झोपून, काम उरकून निघूनही जायचा आणि तो नेमका कोण होता हे वडील संध्याकाळी खाणाखुणांवरून ठरवायचे. ‘कान टोचलेले होते? मग रंगनाथ,’ असं. आता माझ्या दाराला भिंग आहे, साखळी आहे, खाली रखवालदार आहे, आणि तो वर विचारल्याशिवाय माझ्या सख्ख्या दिरालाही सोडत नाही. मी तक्रार करत नाही. त्या सहा दिवसांनंतर तक्रार करायचा हक्क मला उरलेला नाही.

मी नववीत होते. माझी दहावी होईपर्यंत घरात टीव्ही येणार नाही असं वडिलांनी जाहीर केलेलं होतं आणि ते शब्दाचे पक्के होते, विशेषतः खर्च वाचणार असेल तेव्हा. त्यामुळे इतरांच्या घरांतून संध्याकाळी मालिकांची शीर्षकगीतं ऐकू यायची आणि आमच्याकडे फळीवर, आईनं विणलेल्या पिवळ्या झालरीखाली, रेडिओ असायचा. त्याला हलवलं की खरखर व्हायची, म्हणून तो जिथे होता तिथेच राहायचा आणि आम्ही त्याच्याकडे तोंड करून बसायचो. त्या हिवाळ्यात रेडिओवाल्यांनी एक जुनी रहस्यमय श्रुतिका पुन्हा लावली होती. सहा भाग, गुरुवारपासून मंगळवारपर्यंत, रोज संध्याकाळी बातम्या संपल्यावर. तिचं नाव मी कितीदा आठवून पाहिलं, येत नाही. गोष्ट मात्र चांगली आठवते. एका विम्याच्या एजंटाची मोटार घाटात बंद पडते. तो जवळच्या बंगल्याचं दार वाजवतो. म्हातारा नोकर दार उघडतो आणि कंदील वर धरून म्हणतो, ‘आलात दादासाहेब? वीस वर्षं लावलीत.’ बाहेर थंडी, आत गरम जेवण. एजंट विचार करतो, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, होऊ दादासाहेब. आणि मग त्याला कळतं की त्या बंगल्यात कुणीतरी दादासाहेबांना मारण्यासाठी वीस वर्षं वाट बघत बसलं आहे.

पहिला भाग लागायच्या दिवशी, दुपारी, आमचं दार वाजलं. वडील नव्या मशीनच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. आईनं पदर घेतला आणि दार उघडलं. उंबऱ्याबाहेर एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते, स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी आणि डोळ्यांवर दुधासारखी साय. मोतीबिंदू दोन्हीकडे पिकलेला होता. आई ‘या’ म्हणाली तरी ते आत येईनात.

“जाधवाचंच घर ना हे?”

“हो, मामंजी. या की.”

“मी सायखेड्याकडून आलो. येऊ का आत?”

“असं काय विचारता? तुमचंच घर आहे.”

हे वाक्य आई महिन्यातून चार वेळा म्हणायची. पण त्या गृहस्थांनी ते ऐकलं, टोपी काढली, टोपीनंच डोळे पुसले आणि मग उजवा पाय आत टाकला. खाटेवर बसून पाणी प्यायले. “पोरगं नाय का घरात?” त्यांनी विचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायची आईची प्राज्ञा नव्हती, आणि सुनेसमोर मुलाला नावानं हाक मारून त्याचा मान कमी करायची त्यांचीही रीत नसावी. “हे पुण्याला गेलेत, कंपनीच्या कामानं. मंगळवारी येतील,” आई म्हणाली. “येऊ दे, येऊ दे. मला काय घाई नाय. इतकी वर्सं गेली, आता चार दिसानं काय होतंय.” मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, “ही पोरगी? एक लेकरू हाय एवढंच कानावर आलं होतं. नाव काय गं तुझं?” मी वैशाली म्हणाले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. “मला समदे नाना म्हणतात. तूबी नानाच म्हण.”

आता कुणी म्हणेल, एवढ्यावर कसं काय चाललं? चाललं. आमच्याकडच्या प्रत्येक कुटुंबात एक नाना असतो, वडिलांचेही एक नानाकाका होते, त्यांचेही डोळे अधू होते, आणि आईनं त्यांना लग्नानंतर एकदाच, तेही घुंगटाआडून, पाहिलेलं होतं. तिच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. नानांच्या डोक्यातही बसलं असणार, कारण आई बागलाणातली, सटाण्याकडची. तिची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, तिचा तिखट हात आणि घाईत तोंडून निसटणारं अहिराणी ‘हाई काय शे?’ हे सगळं आमच्या वडिलांकडच्या लोकांना जन्मभर परकंच वाटलं. नाना पहिल्याच जेवणाला भाकरी मोडत म्हणाले, “तुमच्यात असं करत्यात वाटतं? चांगली लागती.” आईला तो नेहमीचा टोमणा वाटला आणि तिनं तो नेहमीप्रमाणे गिळला.

संध्याकाळी मी रेडिओ लावला. नाना खाटेवर, मी खाली गोधडीवर. दार करकरलं, घड्याळानं सातचे ठोके दिले, नोकराचा तो थरथरता आवाज आला, आणि मी नानांच्या पायाला टेकून बसले. डोळ्यांनी जवळपास काही दिसत नसल्यामुळे कान हेच त्यांचं सगळं होतं. “हा नोकर म्हातारा नाय,” ते हळूच म्हणाले. “तरणा माणूस म्हातारा आवाज काढतोय. म्हातारं माणूस वाक्याच्या मधी दम घेतं, हा शेवटाला घेतोय.” मी थक्क झाले. आमच्या वर्गात टीव्हीवाल्या मुलींना जे माहीत नव्हतं ते मला माहीत झालं. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा आजोबा मिळाले. माझे दोन्ही आजोबा माझ्या जन्माआधीच गेले होते.

शुक्रवारी मी शाळेतून आले तर घरात काहीतरी घडून गेलेलं होतं. आई ओट्याशी उभी होती आणि तिच्या हातात एक हिरवं लुगडं, खण आणि नारळ होता. तिनं मला मोरीपाशी नेऊन सांगितलं. जेवण झाल्यावर नाना म्हणाले, ‘सूनबाई, बस जरा.’ आई बसली. ‘माझं चुकलं. मी लग्नाला यायला पायजे होतं. आलो तर नायच, वर नको ते बोललो. तुझी सासू असती तर तिनं ओटी भरली असती. आता घरात बाईमाणूस नाय. हे तूच भरून घे, आन मला माफ कर.’ आणि ते रडायला लागले. आईच्या लग्नात गावजेवण होतं. कोण आलं, कोण रुसून घरी बसलं, हे तिला कुठून माहीत असणार! कुणीतरी रुसलेलं असतंच. ती म्हणाली, ‘असू द्या मामंजी. झालं गेलं. माझ्या मनात काहीच नाही.’ तेव्हा नानांनी हात जोडले. थोरल्या माणसानं आपल्याला हात जोडावेत यानं ती फार घाबरली होती. “एका लग्नाला नाही आलं तर एवढं कुणी रडतं का गं?” ती मला विचारत होती.

पण नाना त्या दुपारनंतर मोकळे झाले. ते आईला चुलीवरच्या, म्हणजे स्टोव्हवरच्या, भाजीला किती मीठ ते वासावरून सांगायला लागले. गॅलरीत उन्हाला बसून वाटाणे सोलून द्यायला लागले. दाणे एकही खाली सांडायचे नाहीत. शेजारच्या घरांतल्या आवाजांवरून कुणाकडे कोण आलं, कुणाचा कुकर बिघडलाय, कुणाची पोरं खोटं बोलतायत हे ते मला सांगायचे आणि मी खाली वाकून खात्री करून घ्यायचे. बहुतेकदा बरोबर निघायचं. त्या दिवशीच्या भागात बंगल्यावर दुसरा एक माणूस आला आणि म्हणाला, ‘खरा दादासाहेब मी आहे.’ भाग तिथेच संपला. मी रात्रभर तळमळले असं म्हणणार नाही, मला झोप चांगली लागायची. पण शनिवारी सकाळी उठले ती डोक्यात एक किडा घेऊनच. आपल्या घरात आलेला माणूस खरा कशावरून?

नाना आंघोळीला गेले आणि मी त्यांची पिशवी उघडली. आजही लिहिताना कान गरम होतात. आत एक धोतर, सदरा, तपकिरीची डबी, चांदीची दोन बारीक वाळी, आणि वहीच्या पानाची घडी. घडीवर कुणीतरी शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: दत्तात्रय जाधव, आमच्याच सोसायटीचं नाव, बी-९, तिसरा मजला. माझ्या वडिलांचं नाव सुरेश. आम्ही ए-९. आमच्या गॅलरीसमोर बी इमारतीची गॅलरी होती आणि तिथे दत्ताकाका राहायचे. जाडसर, टक्कल पडलेले, स्कूटरवाले. त्यांची बायको कुणाकडे फारशी जात नसे आणि त्यांच्याकडेही गावाकडचं कुणी कधी आलेलं पाहिलं नव्हतं. परजातीत लग्न केलंय, घरच्यांनी टाकलंय, असं खाली बायका बोलत. मी घडी होती तशी ठेवली. मला एका क्षणात सगळं कळलं. नानांना दिसत नव्हतं, खाली पोरांनी जाधव म्हटल्यावर आमचा जिना दाखवला, आणि आईनं ‘तुमचंच घर’ म्हणून आत घेतलं. माफी मागितली ती चुकीच्या सुनेकडे.

मग मी सांगितलं का नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वर्षांत इतक्या वेळा विचारला आहे की उत्तरंही झिजून गेली आहेत. पिशवी उघडली हे कळलं असतं, ही भीती होती. आईची फजिती होईल असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर मला श्रुतिकेचा शेवट त्यांच्या पायाशी बसून ऐकायचा होता. मंगळवारी वडील येणारच होते, मोठी माणसं बघून घेतील, तीन दिवसांनी काय बिघडतंय? समोरच तर राहतात दत्ताकाका, पळून जाणार आहेत का? आणि थोडी, अगदी थोडी, मजाही वाटत होती. सगळ्या घरात फक्त मलाच ठाऊक होतं. रेडिओ ऐकताना श्रोत्याला जे ठाऊक असतं आणि बंगल्यातल्या माणसांना नसतं, तसं.

रविवारी शेजारच्या काकूंकडे वडिलांचा फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता, त्यांचा नंबर आम्ही सगळीकडे दिलेला होता. काकूंनी जिन्यातून हाक मारली, “जाधववहिनी, सुरेशभाऊंचा फोन!” आई हात पुसत पळाली, मागोमाग मी. आई रिसीव्हरमध्ये ओरडून बोलायची, जणू पुण्यापर्यंत आवाज तिलाच पोचवायचा होता. “सायखेड्याहून मामंजी आलेत. हो, नानाच!” पलीकडून वडील म्हणाले, “डोळ्यांचं काम असेल. राहू दे त्यांना, मी आलो की दवाखान्यात नेतो.” आईनं विजयी मुद्रेनं फोन ठेवला. आता तर घरच्या कर्त्या पुरुषानंच शिक्का मारला होता. मी काकूंच्या दारात उभी राहून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होते. त्या वेळी बोलले असते तर दत्ताकाका समोर घरात होते, त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेला शर्ट मला दिसत होता.

सोमवारी माझी सकाळची शाळा. दुपारी घरी आले तर बी इमारतीखाली ट्रक उभा. मला आधी वाटलं खालच्या मजल्यावर कुणी राहायला येतंय. मग जिन्यातून दत्ताकाका आणि दोन हमाल लोखंडी कपाट घेऊन उतरले. त्यांची बदली झाली होती, वापीला. सोसायटीत दोघाचौघांना माहीत असेल, आमच्याशी त्यांचं जाणंयेणं नव्हतं. नाना गॅलरीत उन्हाला बसले होते. कपाट जिन्याच्या कठड्याला आपटलं तसे ते कान देऊन म्हणाले, “लोखंडी कपाट हाय ना? आडवं घालत्यात का?” मी हो म्हणाले. ट्रकचं इंजिन घरघरत होतं. नाना कठड्याला धरून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात खाली ओरडले, “अवो! कपाट उभं बांधा! आडवं घातलं तर दारं निखळत्यात!” दत्ताकाकांनी वर पाहिलं. डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलं. समोर ऊन होतं, तिसरा मजला, ए इमारत, पांढरी टोपी घातलेला कुणी म्हातारा. त्यांनी हात वर करून ‘बरं’ अशी खूण केली, हमालांना काहीतरी सांगितलं, आणि कपाट उभं करून दोरानं बांधायला लागले.

मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. ‘नाना’ एवढं म्हणालेही. ते वळले आणि म्हणाले, “आईला विचार चहा झाला का, मग बोल.” आणि मी आत गेले. चांगली मुलगी होते ना, सांगितलेलं ऐकायची! आई चहा गाळत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले, तिनं कप हातात दिला, मी सांडू नये म्हणून हळूहळू चालत बाहेर आले, आणि ट्रक फाटकाबाहेर वळत होता. दत्ताकाकांची स्कूटर त्याच्या मागे होती. नानांनी चहाचा घोट घेतला. “काय म्हणत होतीस?” मी म्हणाले, “काही नाही.” त्या संध्याकाळचा पाचवा भाग मी ऐकला की नाही, मला आठवत नाही. माझी अवस्था अशी होती की आपण काही केलंय की काही केलेलं नाही हेच समजेना, आणि दोन्हींतलं वाईट कोणतं तेही समजेना.

मंगळवारी शेवटचा भाग सुरू होता. दोन्ही दादासाहेब एका खोलीत, दिवा विझलेला, नोकर म्हणतोय, ‘मी सांगतो खरा कोण.’ आणि तेवढ्यात कडी वाजली. वडील बॅग घेऊन आत आले, “नाना कुठायत?” म्हणाले, आणि खाटेकडे पाहून थबकले. नानांनी मान तिरकी केली. “हा कोण?” ते म्हणाले. “हा दत्तू नाय. दत्तूचा आवाज असा नाय.” आईनं रेडिओ बंद केला. खरा दादासाहेब कोण ते मला आजतागायत माहीत नाही. त्यानंतर कुणी ती श्रुतिका पुन्हा लावली असेल तर मी ऐकलेली नाही, आणि लागली तरी ऐकणार नाही.

पुढचं पाच मिनिटांत झालं. वडिलांनी नाव विचारलं, आमच्या घरात पहिल्यांदाच. नानांनी पिशवीतून घडी काढून दिली. “अहो बाबा, हे समोरचं घर,” वडील म्हणाले. आम्ही सगळे जिना उतरून बी इमारतीचा जिना चढलो, नाना वडिलांचा हात धरून, मी शेवटी. बी-९ ला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “जाधव? ते काल दुपारी गेले की. वापीला. ट्रक नाही का आला होता?” नानांनी माझा हात शोधून विचारलं, “काल ते कपाट... तो दत्तू होता?” मी हो म्हणाले. ते तिथेच पायरीवर टेकले. मग म्हणाले, “उभं बांधलं का त्यानं?” “हो नाना. उभंच बांधलं.” “बरं झालं,” ते म्हणाले. आई पदर तोंडाला लावून रडत होती, त्यांच्या पाया पडत होती, लुगडं परत देते म्हणत होती. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू कशाला रडती? तू तर माफ केलंस मला. दिलेलं परत घेत नसत्यात.”

नंतरचं इथेच सांगून टाकते. वडिलांनी दत्ताकाकांच्या कंपनीतून वापीचा पत्ता काढला आणि सगळं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलं, दोनच ओळींचं, की पत्र पोचलं, सध्या रजा नाही, उन्हाळ्यात गावी जाऊन येईन. नाना उन्हाळा लागायच्या आत गेले. दत्ताकाका दहाव्याला रामकुंडावर आले आणि तिथून, डोक्याचा गोटा केलेले, आमच्या घरी आले. खाटेवर बसले, नाना बसायचे त्याच टोकाला. “काय म्हणाले ते?” त्यांनी आईला विचारलं. आईनं एकेक शब्द सांगितला, माझं चुकलं इथपासून हात जोडले इथपर्यंत. मग तिनं पेटीतलं ते लुगडं काढून त्यांच्या हातात दिलं, तिनं ते अंगाला लावलेलं नव्हतं. निघताना दारात ते म्हणाले, “गॅलरीतून ओरडले ते तेच होते ना? मला आवाज ओळखीचा वाटला होता. म्हटलं, भास झाला असेल.” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. फार लाज वाटत होती आणि सांगून त्यांचं काय भलं होणार होतं तेही कळेना.

एका माणसाला मात्र मी सांगितलं होतं. बुधवारी सकाळी वडील आणि मी नानांना बसस्टँडवर सोडायला गेलो. वडील तिकिटाची चौकशी करायला गेले आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. आजूबाजूला कंडक्टर गावांची नावं ओरडत होते, शेंगदाणेवाला फिरत होता. मला राहवेना. मी म्हणाले, “नाना, मला शनिवारीच कळलं होतं. मी तुमची पिशवी उघडली होती. मी सांगितलं असतं तर तुमची भेट झाली असती.” एवढं एका दमात बोलले आणि रडायला लागले. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. त्या पांढऱ्या डोळ्यांत काही दिसायचं नाही. मग ते म्हणाले, “अगं येडे, मलाबी ऐतवारी कळलंच होतं. त्या शेजारणीनं हाक मारली ना, सुरेशभाऊंचा फोन म्हणून. सुरेश कोण, दत्तूच्या घरात? तवाच उमगलं, की घर चुकलं.” मी विचारलं, “मग तुम्ही का नाही बोललात?” ते म्हणाले, “इथं माफी मिळाली होती. तिथं मिळंल का नाय, काय माहीत? म्हणलं, राहू अजून दोन दिस. लय भ्यालो होतो मी, पोरी. तू लहान हायेस. तुझं काय चुकलं नाय, माझंच चुकलं.” वडील आले, बस लागली, नानांना खिडकीपाशी बसवलं, आणि ते गेले.

त्यांनी हे खरं सांगितलं की मला हलकं करायला रचलं, हे मला ठरवता येत नाही. त्या रविवारची दुपार मी हजारदा मनात उभी केली आहे. काकूंची हाक, आईच्या ओल्या हातांची घाई, जिना. त्या वेळी नाना कुठे होते? आईला आता ऐंशीच्या घरात नीट आठवतं ते जुनंच, आणि तिला पक्कं आठवतं की रविवारी नाना कुणाचा तरी हात धरून खाली न्हाव्याकडे दाढीला गेले होते, फोन संपवून ती आली तेव्हा घर रिकामं होतं. मी तिच्याशी दर वेळी वाद घालते. मी म्हणते, ते गॅलरीत वाटाणे सोलत बसले होते, काकूंची हाक आली आणि त्यांचे हात थांबले, मी स्वतः पाहिलं. मी पाहिलं होतं का ते मला माहीत नाही, पण नाना घरात होते असंच मी सगळ्यांना सांगते.